परतलेल्या म्हाताऱ्या मांजरीची घरात पुन्हा सोय लावताना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडल्या की आपल्या सोलापुरात माणसांच्या मागोमाग मांजरीही घरी परतू लागतात. सुटीत गावी नेलेली किंवा नातेवाइकांकडे ठेवलेली मांजर परत येते. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने नेलेली आणि घरमालकाने हरकत घेतल्यामुळे आईवडिलांकडे पुन्हा धाडलेली मांजर येते. दवाखान्यात दात काढून किंवा गाठीची शस्त्रक्रिया होऊन येणाऱ्या मांजरी तर बारमाही असतात. यातल्या पुष्कळ जणी दहा वर्षांच्या पुढच्या असतात आणि त्या नसताना घरात एखादे तरुण मांजर, एखादा कुत्रा, क्वचित पोपटाचा पिंजराही आलेला असतो. टोपलीचे झाकण उघडताच फिस्कारणे आणि बोचकारणे सुरू होते, पुढच्या आठवड्यात गादीवर शू केलेली आढळते आणि 'म्हातारपणी बिघडली' असा शिक्का तिच्यावर बसतो. आपल्या पुरवण्यांत पाळीव प्राण्यांविषयी जो मजकूर येतो, त्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आणि मांजरींचा नाममात्र असतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. घर ओळखीचे, माणसे ओळखीची, मग वेगळी सोय कशाला, हा विचार त्यातूनच येतो. परंतु मांजरीच्या लेखी घर हे भिंतींपेक्षा वासावरून ओळखायचे असते. तिच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळावर, पंजांच्या तळव्यांत आणि शेपटीच्या बुडाशी गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला आणि आपल्या पोटऱ्यांना ती गाल घासते तेव्हा तिथे स्वतःची खूण ठेवत असते. एका घरात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या मांजरी एकमेकींनाही अंग घासतात आणि त्यातून सर्वांचा मिळून एक समाईक वास तयार होतो. 'ही आपल्यातली' हे त्यांना कळते ते मुख्यतः त्या वासावरून, चेहऱ्याची ओळख त्यानंतर.

मधल्या काळात बाहेर राहिलेल्या मांजरीच्या अंगावरून हा वास पुसला गेलेला असतो. त्या जागी परक्या घराचा किंवा दवाखान्यातील स्पिरिटचा, भुलीच्या औषधाचा आणि इतर जनावरांचा वास चढलेला असतो, आणि घरातल्या तिच्या खुणाही दरम्यान झिजून गेलेल्या असतात. वर्षानुवर्षे एका गोधडीवर झोपलेल्या सख्ख्या बहिणीसुद्धा, त्यांतली एक जेमतेम एका रात्रीपुरती दवाखान्यात राहून आली, तरी तिच्यावर परकी समजून धावून जातात, हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. म्हणजे भांडणाला सुरुवात बहुधा परतलेली म्हातारी करत नाही, घरातली तरुण मंडळी करतात. दोष मात्र तिच्या माथी बसतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की परत आलेल्या मांजरीला घरात घ्यावे ते अगदी नवी मांजर आणल्यासारखेच, टप्प्याटप्प्याने आणि वासाच्या मार्गाने.

त्यासाठी पहिले काही दिवस तिला वेगळी, शांत खोली द्यावी. खोलीत तिचे खाणे, पाणी, लिटरचा (शू-शीसाठी माती किंवा वाळू भरलेला) ट्रे, अंग चोरून बसता येईल असा एखादा पुठ्ठ्याचा खोका आणि अंथरायला तिची जुनी चादर असावी. ही चादर धुवू नये. आपल्या गावची जाड सुती चादर या कामी फार चांगली, कारण तिच्यात वास मुरतो आणि टिकतो. मधूनमधून म्हातारीच्या अंगाखालचे कापड बाहेरच्या मांजरींच्या झोपण्याच्या जागी ठेवावे आणि त्यांचे कापड तिच्या खोलीत आणावे. मऊ पंचाने एकीचे गाल पुसून तो पंचा दुसरीच्या वाटीजवळ ठेवला, तरी तोच उपयोग होतो. कापड हुंगून ती फिस्कारली तर घाई करू नये. हुंगून निवांत बसली किंवा खाऊ लागली, तर पुढच्या पायरीकडे वळावे. ती पायरी म्हणजे बंद दाराच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी जेवण देणे. आधी वाट्या दारापासून दूर ठेवाव्यात आणि रोज थोड्या जवळ सरकवाव्यात. त्यानंतर एकमेकींना दिसू द्यावे. आपल्याकडे डासांसाठी बसवलेला जाळीचा दरवाजा पुष्कळ घरांत असतो, त्याहून सोयीचे साधन बाजारात मिळणार नाही. प्रत्यक्ष भेटी सुरुवातीला अगदी थोडा वेळ, आपण समोर असताना आणि खाण्याच्या वेळेला घडवाव्यात. एका रात्रीची गैरहजेरी असेल तर हे सगळे एक-दोन दिवसांत उरकते. वर्षभराने परतलेल्या मांजरीला मात्र काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही लागतात, आणि त्यात गैर काही नाही.

येथे सोलापूरकरांना एक इशारा द्यावासा वाटतो. 'वेगळी खोली' म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली नव्हे. पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढणाऱ्या या गावात उन्हाळ्यातच नव्हे, तर पाऊस लांबलेल्या जूनमध्येही बंद पत्र्याखाली म्हातारे जनावर तग धरू शकत नाही. पूर्व भागातील एका-दोन खोल्यांच्या घरांत, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असतो, तिथे स्वतंत्र खोलीचा सल्ला म्हणजे थट्टाच वाटेल. तिथे जागेऐवजी वेळेची वाटणी करावी. सकाळी म्हातारी मोकळी आणि तरुण मांजरी मोरीलगतच्या भागात, संध्याकाळी त्याउलट, आणि रात्री तिचा खोका पडद्याआड, अशी व्यवस्था गरिबाघरीही जमते. गावाकडच्या शांततेतून आलेल्या मांजरीला मागाच्या खटखटीची सवय पुन्हा व्हावी लागते, तेव्हा तिचा खोका मागाच्या भिंतीला लागून नसावा, एवढे पाहावे.

'जनावरांचे ते जनावरे मिटवतील, आपण मध्ये पडू नये' हा वडीलधाऱ्यांचा आवडता सल्ला मला मान्य नाही. मांजर ही मूळची एकेकटी शिकार करणारी जात आहे. हार कबूल करून भांडण मिटवण्याची रीत कुत्र्यांच्या कळपात दिसते, ती मांजरींमध्ये तितकीशी नाही, आणि एकदा जमलेले वैर महिनोन्महिने टिकते. शिवाय त्यांचे बरेचसे वैर मुके असते. तरुण बोका जिन्याच्या तोंडाशी किंवा ट्रेकडे जाणाऱ्या बोळात नुसता पसरून बसतो आणि टक लावून पाहतो. घरच्यांना तो आरामात लोळलेला दिसतो. प्रत्यक्षात त्याने म्हातारीची वाट अडवलेली असते, आणि ती ट्रेपर्यंत पोहोचू न शकल्यामुळे गादीवर जाते. म्हणून खाण्यापिण्याच्या आणि विधीच्या जागा एकाच कोपऱ्यात न ठेवता घरभर विखराव्यात. ट्रे मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा आणि निदान एकाला दोन बाजूंनी वाट असावी. एवढे करूनही झटापट झालीच, तर मध्ये हात घालू नये. जाड चादर टाकून किंवा मध्ये पुठ्ठा सरकवून त्यांना वेगळे करावे. मारणे, ओरडणे, तोंडावर पाणी उडवणे यांमुळे समोरच्या मांजरीविषयीची भीती तेवढी पक्की होते. माणसाला दात किंवा नख लागले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरची मांजर आहे म्हणून सोडून देऊ नये.

वयाचा मुद्दा तर याहूनही दुर्लक्षित आहे. पंधरा वर्षांची मांजर माणसाच्या हिशेबाने पंचाहत्तरीची असते. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १०० मांजरींची क्ष-किरण चित्रे तपासली असता त्यांतील ९० जणींच्या सांध्यांत झीज दिसून आली होती. मांजर लंगडत नाही आणि कण्हतही नाही. ती उंच कपाटावर चढणे सोडून देते, पाठीचे केस चाटून साफ करत नाही आणि उचलून घेतले की चिडते. अशा मांजरीला तरुण बोक्यापासून पळून माळ्यावर जाता येत नाही, गच्चीवरच्या मातीपर्यंत जिना चढवत नाही आणि उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकताना कळ येते. ट्रेचा एका बाजूचा काठ कापून खाली करणे आणि तिच्या आवडत्या खिडकीखाली एक पाट व एक स्टूल पायऱ्यांसारखे मांडणे याला खर्च जवळजवळ नाही.

म्हातारपणी मूत्रपिंडे कमजोर होण्याचे प्रमाण मांजरींमध्ये बरेच आहे. अशा मांजरी पाणी जास्त पितात आणि शू जास्त करतात. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरोघरी पिंपे भरलेली असतात, पण मांजरीच्या वाटीतले पाणी मात्र कालचे किंवा परवाचे असते. ते रोज बदलावे आणि वाट्या दोन-तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब ठेवाव्यात. भरपूर खाऊनही ती वाळत चालली असेल, तर थायरॉइड वाढल्याची शंका घेऊन रक्त तपासावे. घरी परतल्यावर ती दोन दिवस काहीच खात नसेल तर 'रुसली आहे, भूक लागली की खाईल' म्हणत थांबू नये, कारण उपाशी राहिलेल्या मांजरीचे, त्यातही लठ्ठ मांजरीचे, यकृत चरबी साठून निकामी होऊ लागते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसूनही शू होत नसेल, तर सकाळची वाटही पाहू नये. आणि दुखते आहे असे वाटून माणसांची पॅरासिटामॉल कोणीही देऊ नये, कारण तिची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

घरात कुत्रा असेल तर वरच्या सर्व गोष्टींत आणखी दोन गोष्टींची भर पडते. पहिल्या भेटींच्या वेळी कुत्रा फिरवून दमवलेला आणि साखळीला बांधलेला असावा, आणि मांजर साखळीच्या टप्प्याबाहेर असावी. तो तिच्याकडे पाहूनही शांत बसला, की लगेच त्याला खाऊ द्यावा. दुसरी गोष्ट गोचिडांची. उन्हाळ्यात कुत्र्यांच्या मानेवर लावल्या जाणाऱ्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरींना विषारी आहे. कुत्र्याचे उरलेले औषध मांजरीला लावणे तर दूरच, ते त्याच्या अंगावर पूर्ण वाळेपर्यंत तिला त्याच्याजवळ झोपूही देऊ नये. त्यांचे खाणेही वेगळेच असावे, कारण मांजरीला लागणारे टॉरिन हे पोषकद्रव्य कुत्र्याच्या खाद्यात पुरेसे असेलच असे नाही. आपल्या पारंपरिक दूध-भाकरीतही ते भागण्यासारखे नसते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

हे सर्व लिहिण्यास एक वेगळेच कारणही आहे. आठवडाभराच्या कटकटीनंतर म्हातारी मांजर पोत्यात घालून मटण-मासळीच्या बाजाराजवळ 'तिथे पोट भरेल' म्हणून सोडून येणारे सुशिक्षित लोक आपल्या आसपास आहेत. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, ती कुठेही रुळते, असे समर्थनही ते करतात. पिल्लांना जागा बदलून लपवणारी तरुण मांजर वेगळी आणि सांधे धरलेली, दात गेलेली, दुसऱ्यांच्या हद्दीत टाकलेली मांजर वेगळी. जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा, त्यामुळे वचक किती बसणार, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणून शहरातील पशुवैद्यांना माझी विनंती आहे, की मांजर घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर अर्ध्या पानाची एक सूचना-चिठ्ठी द्यावी, आणि ती मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दूतही असावी, कारण या गावात मांजरी चारही भाषांच्या घरांत आहेत. 'आज रात्री इतर जनावरांपासून वेगळी ठेवा', 'तिची चादर धुवू नका', 'दोन दिवस खाल्ले नाही तर या क्रमांकावर फोन करा' इतकी तीन वाक्ये असली तरी चालतील. आपल्या दैनिकानेही रात्री उघड्या असणाऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यांचे पत्ते आणि वेळा आठवड्यातून एकदा छापाव्यात. शू अडलेला बोका रात्री अकराला कुठे न्यायचा, हे शोधताना घरच्यांचा बहुमोल वेळ जातो.

आपला,
एक नियमित वाचक,
जुळे सोलापूर