सुलू, तुझे उत्तर मी का काढले

नाशिक,
रविवार

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार. माझा गुडघा बरा आहे, आईची साखर आटोक्यात आहे, तेव्हा तब्येतीचा विषय येथेच संपवते. तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे. माडीवरच्या काकूंच्या धाकट्याला तू फेसबुकवर जे उत्तर दिलेस, ते मी काढून टाकले आणि त्या दिवसापासून तुझा फोन नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींचे वाक्य पुरे होऊ देत नाही, म्हणून हे पत्र.

मी काय लिहिले होते ते तू वाचलेच आहेस. सिंहस्थ तोंडावर आला आहे, तर नवीन काही बांधण्याआधी रामकुंडाच्या परिसरात गोदापात्रात ओतलेले काँक्रीट काढावे आणि त्याखाली गाडली गेलेली जुनी कुंडे मोकळी करावीत, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर कोणी वाद घातला असता तर मला आनंदच झाला असता. त्याने लिहिले, "जिला स्वतःचा संसार सांभाळता आला नाही, ती आता गंगा सांभाळायला निघाली." पुढे हात जोडल्याचे चिन्ह. परका माणूस असे काही लिहितो तेव्हा तो अंधारात दगड भिरकावत असतो. याला अंधार नव्हता. मनूला कडेवर घेऊन मी वाड्यात परत आले, त्या रात्री माझी बॅग जिन्याने वर नेणारा हाच होता. आणि ते वाक्य माझ्याआधी मनूने वाचले. "आई, हे कोण गं?" असे तिने विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

मी त्याला सर्वांसमोर लिहिले, "कुंडांबद्दल तुझे मत वेगळे असेल तर मांड, मी उत्तर देईन. माझ्या संसाराविषयी मी येथे बोलू देणार नाही. ते वाक्य रात्रीपर्यंत तू काढ, नाहीतर मी काढीन." त्यावर त्याचे उत्तर आले, "सत्य कडूच असते." तोपर्यंत माझ्या बाजूने माणसे धावून आली होती. कोणी त्याची गेलेली नोकरी काढली, कोणी त्याचे लग्न न होणे काढले, आणि तू त्याच्या वडिलांचे काढलेस. सुलू, काकू आपल्याला संध्याकाळी लवकर घरी पाठवून आतून कडी का लावून घेत, हे तुला, मला आणि त्यालाच ठाऊक आहे. ते चव्हाट्यावर यावे आणि त्याखाली अनोळखी लोकांनी हसण्याची चिन्हे टाकावीत, हे मला पाहवले नाही. नुसते लपवले असते तर ज्याचे त्याला आणि त्याच्या यादीतल्या लोकांना ते दिसतच राहिले असते, आणि तुझ्या काय, त्याच्या काय, दोघांच्याही यादीत अर्धा वाडा आहे. म्हणून रात्री त्याचे काढले, तुझे काढले, बाकीच्यांचेही काढले आणि त्याला ब्लॉक केले. त्याच्या वाक्याचा स्क्रीनशॉट मात्र ठेवला आहे, पुढेमागे गरज पडली तर असावा.

तू माझ्यासाठी धावून आलीस याची मला किंमत नाही असे समजू नकोस. सहावीत माझ्या वेणीला शाई लावणाऱ्या मुलीची वही तू फाडलीस आणि वर्गाबाहेर आपण दोघी उभ्या राहिलो, तेव्हापासूनचे हे भांडण आहे आणि ते आपण म्हाताऱ्या झालो तरी संपायचे नाही.

दादाने भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ सुचवले. बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असे त्याने समजावले. मी नको म्हटले. काकूंना कुशीवर वळवायला, भरवायला आज त्याच्याशिवाय घरात कोणी नाही. थोरला कॅनडातून पैसे पाठवतो. जुन्या कुंडांच्या आठवणी मला काकूंनीच सांगितल्या होत्या. मी दुपारी त्यांच्या उशाशी बसले, त्या खुलल्या, हसल्या, आणि चहा घेऊन मी निघाले. रात्रीची जागरणे त्याची. लोकांनी माझ्या लेखाला वाहवा दिली ती त्याने त्या खोलीत बसून वाचली असेल. त्याचा संताप कुठून आला असावा हे मला कळते. पण कळते म्हणून मी ते वाक्य गिळणार नाही. पैठणला नाथ महाराज थुंकणाऱ्याच्या वाटेने पुन्हा पुन्हा गेले आणि दर वेळी गोदेत स्नान करून आले असे सांगतात. ती सहनशक्ती माझ्यात नाही, आणि मनूने ती माझ्याकडून शिकावी असेही मला वाटत नाही.

मी त्याला व्हॉट्सॲपवर एकच निरोप पाठवला: "तुझी ओढाताण मला दिसते. मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी मी काकूंजवळ बसेन, तू त्या वेळात बाहेर जाऊन ये. फेसबुकवर मात्र तू मनूची माफी मागेपर्यंत मी तुला परत घेणार नाही." उत्तर आले, "शुक्रवार चालेल." बस, तेवढेच. परवा गेले तर त्याने दार उघडले, औषधांची पट्टी माझ्या हातात दिली, कोणती गोळी किती वाजता ते सांगितले आणि चपला घालून तो खाली उतरला. माफीचे नाव नाही.

आता माझी खरी काळजी मनूची आहे. तिचे म्हणणे, "तू त्यांच्या घरी जातेस म्हणजे ते म्हणाले ते तू मान्य केलेस." मी काकूंसाठी जाते, आणि तो थकला आहे म्हणूनही जाते, हे तिला पटत नाही. वाड्यातले ते दिवस तिने पाहिलेले नाहीत, आणि त्याच्या वडिलांची गोष्ट तिला सांगण्याचा अधिकार मला नाही. तुझे ती ऐकते. तिला एकदा फोन कर. तुझे उत्तर मी का काढले हे तुला पटले असेल तर तसे सांग, नसेल तर तिच्यासमोर माझ्याशी भांड, तेही चालेल.

तुझ्या बदलीचे काय झाले? भावजींचा पाय कसा आहे? चिवड्याचा डबा भरून ठेवला आहे, येशील तेव्हा ने. फोन शुक्रवारी दुपारी करू नकोस, तेव्हा मी काकूंकडे असते.

तुझीच,
शमा