जहाजावरच्या खात्याबद्दल

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. तिकिटं झाली, म्हणजे आता घरात सगळ्यांचं लक्ष बॅगांकडे असणार. मी मात्र आज फक्त पैशांचं लिहिणार आहे. क्रूझचं भाडं भरलं की खर्च संपला असं धरून चालू नका. भाड्यात केबिन, मुख्य डायनिंग हॉल आणि बुफेतलं जेवण, बहुतेक शो आणि पोहण्याचे तलाव एवढं येतं. बाकीचं सगळं जहाजावरच्या खात्यावर चढत जातं. ते खातं कसं चालतं हे आधी नीट समजून घेतलंत, तर सहा जणांचा आठवडा निवांत जाईल. पत्र लांबलंय, पण बाबांनाही वाचून दाखवा. हिशेबाचं त्यांना पटकन कळतं.

जहाजावर नेहमीच्या खरेदीला रोख पैसे घेत नाहीत. चेक-इन झालं की प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड मिळतं. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या जहाजांवर त्याला सीपास म्हणतात, कार्निव्हल कंपनीच्या सेल अँड साइन, आणि प्रिन्सेस कंपनीच्या जहाजांवर कार्डाऐवजी मेडॅलियन नावाची छोटी चकती असते. याच कार्डाने केबिनचं दार उघडतं, बंदरावर उतरता-चढताना हेच दाखवायचं आणि खरेदीही यावरच होते. ते स्कॅन केलं की समोरच्या कर्मचाऱ्याला स्क्रीनवर तुमचा फोटो दिसतो. त्यामुळे हरवलेलं कार्ड दुसऱ्याने वापरणं सोपं नसतं, तरी हरवल्याबरोबर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगा. जुनं लगेच बंद करून नवं देतात. मोबाइलला चिकटवून ठेवू नका, चुंबकीय पट्टी बिघडली की दार उघडत नाही.

या कार्डामागे तुमचं बँकेचं कार्ड जोडलेलं असतं, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. आपल्या दोन केबिन आहेत, म्हणजे खातीही दोन उघडणार. एकत्र बुकिंग केलं म्हणून आई-बाबांच्या केबिनचं बिल आपोआप दादाच्या कार्डावर जात नाही. ऑनलाइन चेक-इन करताना पैसे कोणाच्या कार्डातून जाणार हे विचारतात, तिथे प्रत्येक प्रवाशासाठी ते भरा. दुसऱ्या केबिनचं कार्ड तिथे जोडता आलं नाही, तर पहिल्याच दिवशी दादाने स्वतः बँकेचं कार्ड घेऊन काउंटरवर जायचं आणि दोन्ही केबिनचे नंबर देऊन खाती जोडून घ्यायची. ज्याच्या नावाचं कार्ड, तो समोर असावा लागतो. एमएससी किंवा कोस्टासारख्या युरोपियन कंपन्यांच्या जहाजांवर हे काम चढल्यावर मशिनवर करायचं असतं, आणि ठरलेल्या मुदतीत केलं नाही तर खरेदी बंद होते. जोडून झालं की तिथेच विचारून घ्या, "या सहाही कार्डांचं बिल कोणाच्या नावावर जाणार?" तोंडी उत्तरावर थांबू नका, स्क्रीन वळवून दाखवायला सांगा.

कार्ड शक्यतो क्रेडिटच द्या, डेबिट नको. कारण असं की जहाजवाले रोज किंवा ठरावीक खर्च झाला की तेवढ्या रकमेचा होल्ड लावतात. म्हणजे पैसे काढत नाहीत, पण अडकवून ठेवतात. समजा आठवड्यात ३०० डॉलरचे होल्ड लागले आणि शेवटचं बिल ४२० झालं. बिलाचे ४२० वेगळे वळते होतात आणि आधीचे ३०० सुटायला बँकेला कधी चार दिवस लागतात, कधी दोन आठवडे. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा काही दिवस कमी दिसते, एवढंच. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरेखुरे ७२० डॉलर अडकतात, तेही परतीच्या वाटेवर हातात पैसे लागत असताना. आधी परकीय चलन भरून ठेवायच्या फॉरेक्स कार्डाची तीच गत. त्यात मोजकेच पैसे भरलेले असतात आणि होल्डनेच ते संपतात. शिवाय काही कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. ते बंदरावरच्या खर्चासाठी राखून ठेवा.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. दुकानातले आणि ऑनलाइन, अशी दोन वेगळी बटणं असतात. दोन्ही चालू हवीत. तिथेच रोजची मर्यादाही वाढवा. पहिल्या दिवशी कार्ड नाकारलं जातं ते बहुतेक याच कारणाने, आणि समुद्रावर असताना बँकेला फोन लावणं अवघड. जे काही ऑनलाइन विकत घ्यायचं ते घरूनच घ्या, कारण ओटीपी घरच्या सिमवर येणार आणि भर समुद्रात तो मिळेलच असं नाही. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वहिनींच्या पर्समध्ये असू द्या.

पूर्ण रोखीनेही खातं चालवता येतं. काउंटरवर डॉलर जमा करायचे आणि त्यातून खर्च करायचा. पण जमा संपली की सगळ्यांची कार्डं एकदम बंद पडतात आणि पुन्हा रांग लावावी लागते. सहा जणांना हे सोयीचं नाही. मुलांच्या कार्डांना मात्र मर्यादेची ही कल्पना छान लागू पडते. चिनू आणि सई यांच्या कार्डांवर खरेदी पूर्ण बंद ठेवता येते, किंवा काही कंपन्या रोजची किंवा आठवड्याची ठरावीक रक्कम घालू देतात. चढल्याबरोबर हे करून घ्या. गेम्सच्या खोलीत मशिनला कार्ड टेकवलं की खेळ सुरू होतो, नाणी नाहीत की नोटा नाहीत, त्यामुळे मुलांना पैसे जाताना दिसतच नाहीत. दोन तासांत पन्नास डॉलर उडणं मुळीच अवघड नाही.

आता सगळ्यात मोठ्या आकड्याकडे येते. बहुतेक अमेरिकन कंपन्या कर्मचाऱ्यांसाठीची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, माणशी, रोजच्या हिशेबाने आपोआप खात्यावर टाकतात. साध्या केबिनसाठी ती साधारण १६ ते २० डॉलर असते, आणि अगदी तान्ही बाळं सोडली तर मुलांनाही लागते. माणशी १८ धरा. सहा जणांचे रोज १०८, सात रात्रींचे ७५६ डॉलर. हा आकडा आधी माहीत नसला तर शेवटच्या बिलात छातीत धस्स होतं. बुकिंगमध्ये ती आधीच भरली आहे का ते एजंटला विचारा. भरली नसेल तर निघण्यापूर्वी भरून टाका, म्हणजे जहाजावरचं खातं हलकं राहील. काउंटरवर जाऊन ती कमी करता येते हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. माझं स्पष्ट मत आहे की करू नका. या पैशांत केबिन आवरणारे आणि जेवण वाढणारे यांच्यासोबत पडद्यामागे राबणाऱ्या इतरांचाही वाटा असतो. सेवेत काही कमी पडलं तर त्याच दिवशी तक्रार करा, त्यांच्या पगारातून कापू नका.

याखेरीज पेयं आणि स्पा यांच्या किमतीवर वेगळा सर्व्हिस चार्ज लागतो, साधारण १८ ते २० टक्के. मेनूवर १२ डॉलर लिहिलेलं पेय १८ टक्क्यांनी १४.१६ ला पडतं. सहीसाठी जी पावती येते ती बारकाईने बघा. वर पेयाची किंमत, खाली सर्व्हिस चार्ज, आणि त्याच्याखाली टिप लिहायला आणखी एक रिकामी ओळ. ती भरलीच पाहिजे असं नाही. तिथे आडवी रेघ मारा, एकूण रकमेच्या जागी छापलेलीच रक्कम पुन्हा लिहा आणि मग सही करा. कोणी खास आपुलकीने वागलं तर जरूर लिहा, पण आपण टिप दोनदा देतोय का याचं भान असू द्या.

ड्रिंक्स पॅकेजची, म्हणजे रोजचा एकच दर भरून पेयं घ्यायच्या सोयीची, जाहिरात चेक-इनपासून मागे लागेल. पॅकेज माणशी रोज ८० डॉलर धरा. त्यावर १८ टक्के म्हणजे ९४.४०. वरच्या १४.१६ ने भागलं की पावणेसातच्या आसपास येतं. म्हणजे एका माणसाने रोज सात पेयं घेतली तरच पैसे वसूल, आणि बंदराचे दिवस तर अर्धे बाहेरच जातात. त्यातून बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. आपल्याला नको. पाणी, चहा, साधी कॉफी बुफेत फुकट असते. एस्प्रेसोसारखी खास कॉफी, कॅनमधली सरबतं आणि केबिनमध्ये टेबलावर मांडून ठेवलेली पाण्याची बाटली मात्र विकतची असते. त्या बाटलीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी असते, ती आईला पहिल्याच दिवशी दाखवा. नाहीतर ती रात्री औषधाच्या गोळीसाठी तीच उघडेल. मिनीबार असेल तर रिकामा करून न्यायला केबिन अटेंडंटला सांगा.

वायफाय उपकरणामागे विकतात आणि घरून घेतलं तर बहुधा स्वस्त पडतं. दोन मोबाइलपुरतं घ्या, बाकीच्यांना जहाजाचं ॲप बिनपैशाच्या वायफायवर चालतं. फोटोग्राफरने काढलेले फोटो आवडले तरच घ्यायचे, काढून घेण्याचे पैसे नसतात. बंदरावरची सहल रद्द करायची मुदत असते, बहुतेकदा एक-दोन दिवस आधीपर्यंत. ती टळली की पैसे गेले. जहाजच त्या बंदराला थांबलं नाही तर जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे आणि बंदराचे कर खात्यावर जमा होतात. तेवढे आले का, ते बघा.

एक खर्च या खात्यावर दिसतच नाही. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि किनारा सुटला की फोन गुपचूप त्याला जोडला जातो. त्याचा दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतो, नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू होत नाही, आणि बिल मोबाइल कंपनीकडून नंतर येतं. सगळ्यांचे फोन सुटतानाच फ्लाइट मोडवर टाका आणि मग वायफाय चालू करा. बाबांचा फोन आठवणीने बघा, ते बातम्या उघडणारच.

जहाजावरच्या दवाखान्याचं जरा सविस्तर लिहिते, कारण आई-बाबा सोबत आहेत. डॉक्टर चोवीस तास उपलब्ध असतात, पण नुसतं तपासायचेच सहज शंभर डॉलरच्या वर जातात. सलाइन किंवा रक्ताच्या तपासण्या लागल्या तर बिल हजारात पोचतं आणि तेही थेट खात्यावर चढतं. प्रवास विम्याची कॅशलेस सोय तिथे सहसा चालत नाही. आधी आपण भरायचं, मग विमा कंपनीकडे मागायचं. त्यासाठी कलमवार बिल, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि पैसे भरल्याची पावती उतरण्याआधीच दवाखान्यातून घ्या. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवा, उशिरा कळवलं तर दावा अडतो. पॉलिसी घेताना आईचं ब्लड प्रेशर लपवू नका, आणि क्रूझचा प्रवास व समुद्रातून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते वाचा. नेहमीच्या गोळ्या दहा दिवस जास्तीच्या घ्या, अर्ध्या हातातल्या पिशवीत. बोट लागली तर काउंटरवर गोळ्या मागून बघा, बऱ्याच जहाजांवर फुकट देतात.

एजंटने ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला खात्यात जमा केलेली रक्कम, दिलं असेल तर ते उरल्यास परत मिळणारं आहे की न मिळणारं, हे लेखी विचारा. न मिळणारं शेवटच्या रात्री उरलं तर बुडालं. ते कोणत्या केबिनच्या खात्यावर आलंय तेही बघा. एका केबिनमध्ये ५० डॉलर पडून आहेत आणि दुसरीचं बिल कार्डातून जातंय, असं नको.

आपल्या जहाजाचं चलन डॉलर आहे. काही जहाजांवर बिल तुमच्या कार्डाच्या चलनात लावू का असं विचारतात, किंवा न विचारता तशी खूण आधीच करून ठेवलेली असते. नकार द्या, डॉलरमध्येच लावायला सांगा. रूपांतराचा दर ते स्वतःचा लावतात आणि तो बँकेच्या दरापेक्षा सहसा वाईट असतो. बँकही बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के घेतेच, म्हणून कमी मार्कअपचं, म्हणजे हे टक्के कमी घेणारं, कार्ड असेल तर तेच खात्याला जोडा.

खातं रोज रात्री झोपण्यापूर्वी ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर बघा. पाच मिनिटांचं काम आहे, ते बाबांकडे द्या. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेली रक्कम, शेजारच्या केबिनचं बिल, असं काही सापडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर किंवा सगळे जेवायला गेलेले असताना काउंटरवर जा. तेव्हा रांग नसते आणि सही केलेली पावतीही त्यांना चटकन सापडते. शेवटच्या रात्री अर्धं जहाज तिथे उभं असतं. सकाळी दारात किंवा ॲपवर अंतिम बिल येतं. ते पटलं तर रांगेत उभं राहायची गरज नाही, कार्डातून आपोआप वळतं होतं. चूक असेल तर उतरण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या, उतरल्यावर सगळं ईमेलवर आणि आठवडे लागतात. दोन्ही केबिनच्या अंतिम बिलांची प्रत जपून ठेवा आणि बँकेचं स्टेटमेंट आलं की जुळवा.

वहिनी, कार्डाची मर्यादा वाढवायला कधीकधी बँक दोन-तीन दिवस घेते, तेवढं याच आठवड्यात उरका. ऑनलाइन चेक-इन सुरू झालं की मला फोन करा. पैसे कोणाच्या कार्डातून, त्या पानावर आपण एकत्रच बसून सहाही नावं भरू.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, चिनू-सईला गोड पापा.

तुमची,
छोटी