आधी वरचा प्लग, मग खालचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या ट्रकच्या देखभालीवर कुठेही वाचा, 'खालून आवाज येऊ लागला की गिअर ऑइल बदला' हा सल्ला ठरलेला. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. डिफरन्शियलला (मागच्या आसावरची, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) दोन प्लग असतात: वरचा तेल भरण्याचा आणि खालचा तेल काढण्याचा. उत्साहाने खालचा उघडून तेल सोडले आणि मग वरचा गंजून बसलाय हे कळले, की ट्रक जागचा हलवता येत नाही. तेव्हा वरचा प्लग हाताने फिरू लागेपर्यंत खालच्याला पाना लावूच नये. आणि त्याही आधी, आवाज नेमका कुठून येतो ते ठरवावे. ते तेल पुरावा आहे. कारण कळण्याआधी तो गटारात सोडण्यात अर्थ नाही (गटारात तर कधीच सोडू नये, ते वेगळे).

आवाज ओळखताना पहिला प्रश्न एकच: तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फिरणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्टच्या (त्याला समांतर दांडा) बेअरिंगमध्ये शोधावा. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे).

गाडीच्या वेगाबरोबर वाढणाऱ्या आवाजासाठी मोकळा, सरळ रस्ता हवा. एका ठरावीक वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबून, मग सोडून, दोन्ही वेळा कान द्यावा. ओढ घेताना एकसुरी 'ऊं' आणि पाय सोडताच सूर बदलला, तर क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी) दात्यांचा संबंध आहे. पाय सोडल्यावरच घरघर वाढत असेल तर पिनियनचे बेअरिंग ढिले झाल्याचा संशय आधी घ्यावा. दाबा वा सोडा, काहीच फरक पडत नसेल तर टायर किंवा चाकाचे बेअरिंग. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा तसा बदलत नाही, पण स्टिअरिंग हलके डावीकडे वळवले की भार उजव्या बाजूवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवे बेअरिंग तपासावे.

सर्वात जास्त चुकीचे निदान होते ते 'खट्' आवाजाचे. गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच खट् होते आणि लोक थेट डिफरन्शियल उतरवतात. आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा फिरता दांडा) क्रॉस, म्हणजे अधिक-चिन्हाच्या आकाराचे सांधे, पाहावेत. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, कारण न्यूट्रल करून हँडब्रेक सोडल्याशिवाय शाफ्ट मोकळा होत नाही. क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (त्याला धरणारी दुबेळकी) दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना पिळा, मग वर-खाली हलवा. जाणवेल इतकी ढिलाई असेल तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर ग्रीस कधीच संपले आहे. हळू वेगातली चिर्र-चिर्र हीसुद्धा त्याचीच आधीची सूचना. डिफरन्शियलमध्ये मात्र थोडा मोकळा खेळ हवाच, तो दोष नव्हे.

आता बसलेल्या प्लगकडे. निम्मे प्लग घाईने बिघडतात. चौकोनी खाच असलेल्या प्लगमध्ये वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली असते. ती टोकदार सळईने तळापर्यंत कोरून काढली नाही तर पाना पूर्ण आत जात नाही आणि कोपरे सोलले जातात. झिजलेला एक्स्टेंशन बार तिथे चालत नाही, खाचेत गच्च बसणारी चौकोनी की लागते. बाहेरून षटकोनी डोके असेल तर सहा कोनांचे सॉकेट घ्यावे, बारा कोनांचे नको. भोवती तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारे तेल लावावे, रात्रभर मुरू द्यावे, मधे दोन-तीनदा पुन्हा लावावे.

मग हातोडा. प्लगच्या डोक्यावर जाड पंच ठेवून सरळ, नेमके आठ-दहा ठोके द्यावेत. जोर लावण्यापेक्षा हा धक्का जास्त काम करतो, कारण आट्यांमधला गंजाचा थर त्याने तडकतो. नंतर प्लग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहावा, मग लांब दांड्याने सोडवावा.

तरीही न हलल्यास उष्णता. गरम प्लग करायचा नाही, त्याच्या भोवतीचे हाउसिंग (बाहेरचे धातूचे कवच) करायचे, म्हणजे भोक प्रसरण पावते. त्याआधी सांडलेले तेल पुसा, ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारे छिद्र) मोकळा आहे ना पाहा, आग विझवायचे साधन हाताशी ठेवा. जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतली असेल तर ज्योत लावूच नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचे असेल तरी ज्योत नको. अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच वितळते, त्यामुळे डोळ्यांना इशारा मिळत नाही. तिथे हॉट एअर गन पुरे. लोखंडी हाउसिंग तापल्यावर आट्यांच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आत ओढले जाते. हा जुना उपाय आजही चालतो.

कोपरे पूर्ण गेले असतील तर प्लगवर नट वेल्ड करावा; वेल्डच्या उष्णतेनेही पकड सुटते. बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प प्लगच्या अगदी जवळ लावावी, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन रोलरवर खड्डे पाडतो. ड्रिलने भोक पाडणे हा शेवटचा मार्ग, कारण किस आत पडतो.

प्लग निघाल्यावर तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे. प्लगला चुंबक असेल तर त्यावरची करडी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर नवे तेल भरून काही साधणार नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. ब्रीदर आणि सील पाहावेत. जास्त जाड तेल किंवा लाकडाचा भुसा घालून आवाज दाबण्याची युक्ती जगजाहीर आहे, पण त्याने फक्त आवाज लपतो.

हायपॉइड डिफरन्शियलला (ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून सरकून बसतो) जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नये, कारण त्यातली काही रसायने पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) खातात. तिथे उत्पादकाने सांगितलेलेच, बहुतेक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४, घालावे. गाडी सपाट जागी ठेवून तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. निमुळत्या आट्यांचा प्लग पाचरीसारखा रुतत जातो, म्हणून आटे साफ करून सीलंट लावावे आणि बेताने आवळावे. सरळ आट्यांच्या प्लगला नवा तांब्याचा वॉशर घालावा.

आपला,
एक वाहन-दुरुस्ती कारागीर