लक्षद्वीपच्या अगत्ती विमानतळावरच्या त्या दादांना

दादा, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. मनातलं मला दुसऱ्या भाषेत धड सांगता येत नाही. माझा भाऊ तिथंच नोकरीला आहे, तो तुम्हाला हिंदीत वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर मांडतेय ते आमच्या कोल्हापूरकरांनीही वाचावं म्हणून. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात.

मे महिन्यात मी आईला घेऊन भावाकडे आले आणि आठव्या दिवशी आई अंगणात घसरली. डावं मनगट मोडलं, गुडघा टम्म सुजला. बेटावरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पण आईनं एकच धोशा लावला, "मला घरी न्या." जहाज बाहेर खोल पाण्यात उभं राहतं, हेलकावणाऱ्या होडीतून त्यावर चढायचं. ते तिला जमणारं नव्हतं. लक्षद्वीपच्या दहा बेटांवर वस्ती आहे, पण विमान उतरतं ते एकट्या अगत्तीला. पहिल्या दिवशी पावसानं तेही रद्द झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही व्हीलचेअर घेऊन आलात आणि आई बसेचना. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारी हट्टी आहे. तसं नव्हतं, दादा. येताना एका मोठ्या, चकचकीत विमानतळावर तिला व्हीलचेअरवर बसवून एका माणसानं भिंतीकडं तोंड करून ठेवलं आणि तो गेला तो गेलाच. दीड तास. मी काउंटरवर विनवण्या करत होते, "थांबा, येईल" एवढंच उत्तर मिळत होतं. तिला बाथरूमला जायचं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईवर त्या दिवशी जी वेळ आली ती इथं लिहिणार नाही. तिकिटं काढून देणाऱ्या आमच्या एजंटला फोन केला, त्यानं उचलला नाही, अजूनही उचललेला नाही. तेव्हापासून त्या खुर्चीचा तिनं धसकाच घेतलाय.

तुम्ही कारण विचारलं नाहीत. खुर्ची बाजूला सारलीत आणि मला विचारलंत, "आपकी भाषा में 'धीरे धीरे' को क्या बोलते हैं?"

मी म्हटलं, "सावकाश."

दोनदा घोकून घेतलंत. मग आईच्या धडक्या हाताखाली आपला हात दिलात, दुसऱ्या हातात छत्री. दारापासून विमानापर्यंत उघडं डांबर, पावसानं निसरडं झालेलं, दोन्ही बाजूंना समुद्र. पंखे फिरायची वेळ झालेली, बाकीची माणसं भराभर पुढं गेलेली. आणि तुम्ही प्रत्येक पावलाला म्हणत होतात, "सावकाश, आई. सावकाश." छत्री पूर्ण तिच्यावर होती. तुमचा उजवा खांदा भिजून शर्ट अंगाला चिकटला होता, ते मी मागून बघत होते. शेपटीकडच्या पायऱ्यांपाशी आई दम घ्यायला थांबली, तर तुम्हीही थांबलात. घड्याळाकडं पाहिलं नाहीत.

सगळ्या प्रवासात तिच्या चालीनं चालणारे तुम्ही एकटे.

आत बसल्यावर आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "गुणाचं पोरगं हाय गं. कुणाचं कोण, आई म्हणालं मला."

तुमची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, म्हणून विमान पूर्ण भरून उडवता येत नाही, हे भावानं सांगितलं होतं. त्या दिवशी आमची मोठी बॅग मागं राहिली. ती नंतर आली तेव्हा तिच्यावर प्लास्टिक गुंडाळून सुतळीनं नीट बांधलेलं होतं. तेही तुमचंच काम, भावाकडून कळलं.

अडकून पडणं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. दिवसेंदिवस कोल्हापूरचंच बेट झालं होतं. उजळाईवाडीचं आमचं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातलं, 1939 चं, पण मधली कित्येक वर्षं तिथं नियमित विमानच नव्हतं. त्यामुळं लहान विमानतळाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको. अशा जागा तुमच्यासारख्या माणसांमुळंच चालतात. पुरात आमच्या गल्लीतल्या पोरांनी छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आणलं होतं, त्यांचीच जात तुमची.

आईचं प्लास्टर निघालंय. रोज संध्याकाळी सोप्यातून दारापर्यंत चालते. मी घाई केली की म्हणते, "त्या पोरागत म्हण की."

भाऊ गणपतीला येऊन परत निघाला की त्याच्याबरोबर गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पाठवतेय. पाच किलोचा काढला होता, पण विमानातल्या वजनाचं आठवून आईनं एक किलोचा घ्यायला लावला. पावसाळी हवेत पाझरतो, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

तुमची,
कोल्हापूरची बहीण