सायलेन्सर सगळ्यांना ऐकू येतो, फूटरेस्ट आणि लिव्हरकडे कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात पोलिसांनी पकडलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो येतात आणि मग दोन दिवसांनी याच सदरात पत्रं येतात की ही पोरं वाया गेलीत, गाडीला काही म्हणजे काही बदलायला बंदी करा. सायलेन्सरबद्दल माझं काही म्हणणं नाही, चिरडा खुशाल, रात्री बारा वाजता गल्लीतून फाडफाड करत जाणाऱ्याची बाजू घ्यायला मी हे पत्र लिहीत नाहीये. पण मी कोल्हापुरात गॅरेज चालवतो आणि रोज जे हाताखालून जातं ते बघून सांगतो, की ज्याचा आवाज होतो त्यावर सगळ्यांचं लक्ष जातं आणि गाडी वेळेवर थांबणार का नाही हे ज्याच्यावर ठरतं ते गप्प बसलेलं असतं म्हणून त्याच्याकडे ना पोलीस बघतात, ना आरटीओ, ना घरचे, ना तो पोरगा स्वतः. मी बोलतोय ते बाहेरून विकत घेऊन बसवलेल्या फूटरेस्टबद्दल, गिअर आणि ब्रेकच्या पायातल्या लिव्हरबद्दल आणि हातातल्या क्लच-ब्रेकच्या लिव्हरबद्दल.

आधी हे मान्य करूया की हे बदलणारा प्रत्येकजण शायनिंग मारायलाच बदलतो असं नाही. कंपनी गाडी बनवते ती एका मधल्या मापाच्या माणसासाठी, आणि गिऱ्हाईक पाच फुटाचं पण असतं आणि सव्वासहा फुटाचं पण. काही गाड्यांचा फूटरेस्ट असा येतो की सिग्नलला पाय खाली टेकला की नडगीवर आपटतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला पाय जास्त दुमडता येत नाही. रॉयल एन्फील्डच्या हिमालयनसारखी गाडी घेऊन स्पितीला जाणाऱ्याला उभं राहून चालवायला रुंद, दातेरी फूटरेस्ट लागतो. लहान हाताच्या मुलींना मोठ्या गाडीचा क्लच बोटांच्या शेवटच्या पेरात येतो, तिथून कसली ताकद लागणार. यातलं काहीच चुकीचं नाही. माझी तक्रार वस्तू बदलण्याबद्दल नाही, वस्तू बसवून वर सेटिंग न करता किल्ली हातात देण्याबद्दल आहे.

पुण्यात नाना पेठेत जा नाहीतर दिल्लीच्या करोलबागेत, लाल-निळे-सोनेरी लिव्हर ढिगाने टांगलेले असतात, आता तर घरबसल्या मोबाईलवर मागवता येतात. त्याला एक बारीक चाक असतं, एक ते सहा आकडे, फिरवलं की लिव्हर हँडलच्या जवळ येतो किंवा लांब जातो. शंभरातल्या नव्वद गाड्यांवर ते चाक डब्यातून निघालं तेव्हा ज्या आकड्यावर होतं त्याच आकड्यावर असतं, म्हणजे पैसे मोजले कशासाठी तर रंगासाठी. आणि खरा घोळ तर त्या चाकाच्या मागे असतो. पुढच्या डिस्क ब्रेकच्या लिव्हरला आतल्या बाजूला एक छोटं नाक असतं, ते मास्टर सिलिंडरच्या (म्हणजे ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या छोट्या पंपाच्या) पिस्टनला ढकलतं. कंपनीच्या लिव्हरमध्ये हात सोडल्यावर नाक आणि पिस्टन यात केसभर फट राहते. स्वस्त लिव्हरमध्ये हे नाक अर्धा-एक मिलिमीटर लांब निघालं की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, आणि पिस्टन मागे आला नाही की ब्रेक ऑइलला वरच्या डबीत परत जायचं जे बारीक भोक असतं ते उघडतच नाही. मग दोन-चार किलोमीटरला पॅड घासून डिस्क तापते, ऑइल गरम होऊन फुगतं, फुगलेल्याला जायला वाट नाही, ते पॅडला अजून दाबतं, आणि गाडीचं पुढचं चाक हळूहळू स्वतःच जाम व्हायला लागतं. गिऱ्हाईक म्हणतं गाडी ओढत नाही, इंजिन बघा. इंजिनला काय झालेलं नसतं. गाडी मधल्या स्टँडला घेऊन, पुढचं चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवून बघा, पाच मिनिटं चालवून आल्यावर परत फिरवून बघा, लगेच कळतं.

त्याच लिव्हरच्या मुळाशी ब्रेक लाइटचा स्विच असतो, आणि क्लचच्या बाजूला क्लच स्विच. नवीन लिव्हरला तो स्विच दाबणारा खांदा नसेल किंवा आखूड असेल तर एकतर ब्रेक लाइट लागतच नाही किंवा चोवीस तास पेटलेला राहतो, आणि क्लचवाला बिघडला की गिअरमध्ये असताना सेल्फ लागत नाही. लिव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्होटच्या बोल्टचं पण तेच, लोक जोर लावून आवळतात आणि मग लिव्हर सोडला तरी परत येत नाही. वरचा बोल्ट फक्त बसेपर्यंत लावायचा, लिव्हर मोकळा फिरतोय बघायचं आणि मग खालचा नट आवळायचा, एवढं साधं आहे.

क्लचला प्ले ठेवायचा असतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर तो रिकामा हलला पाहिजे, नक्की आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो (जे पुस्तक डिकीतसुद्धा नसतं, ते घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये असतं). प्लेच नाही ठेवला तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि प्लेटा जळतात, जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही, सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. लिव्हरपाशी गोल नट असतो तो बारीकसारीक फरकासाठी, तो संपत आला की इंजिनच्या बाजूला वायरचा दुसरा नट असतो, तिथून घ्यायचं. आणि नंतर हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून बघायचं की वायर ताणली जात नाही ना, लिव्हर टाकीला किंवा फेअरिंगला (पुढच्या प्लास्टिकच्या कव्हरला) लागत नाही ना.

लिव्हरचा कोन तर कुणी बघतच नाही. गाडीवर नेहमीसारखं बसायचं, हात सरळ पुढे सोडायचा, कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ आली पाहिजे. लिव्हर त्याच्यापेक्षा वर असेल तर मनगट मोडून धरावं लागतं आणि पुण्याला पोचेपर्यंत हात बधिर. लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे दोन बोल्ट सैल करून फिरवायचं, काम संपलं. फक्त ब्रेकच्या क्लॅम्पवर बाण किंवा यूपी असं लिहिलेलं असतं, ते वर ठेवायचं आणि आधी वरचा बोल्ट आवळायचा, मग खालचा.

आता पायाकडे येतो, कारण खरी मजा तिथे आहे. रिअरसेट म्हणजे फूटरेस्ट मागे आणि वर नेणारा सेट. आमच्याकडे उद्यमनगरात लेथवाल्याला डिझाईन दाखवलं की ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ब्रॅकेट काढून देतात, आणि काम खरंच देखणं असतं, मी नावं ठेवणार नाही. फूटरेस्ट मागे गेला की गिअरचा लिव्हर पण मागे जातो आणि इंजिनमधून येणाऱ्या गिअर शाफ्टला तो एका रॉडने जोडावा लागतो. या रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे आटे. दोन्हीकडचे चेकनट (रॉड जागेवर धरून ठेवणारे नट) सैल करायचे (उलट्या आट्याचा नट उलटाच सुटतो, इथे जोर लावून कितीजणांनी आटे घालवलेत बघा), मग नुसता रॉड बोटांनी फिरवायचा, तो लांब किंवा आखूड होतो आणि लिव्हर वर-खाली जातो. लिव्हर कुठे पाहिजे, तर पाय फूटरेस्टवर ठेवल्यावर घोटा न उचलता पंजा त्याच्याखाली सरकला पाहिजे आणि वरून दाबताना पण गुडघा हलवायला लागू नये. आमच्या इथे तर वेगळाच प्रकार, गिऱ्हाईक गॅरेजला येतं कोल्हापुरी चप्पल घालून, सेटिंग करून घेतं चपलेवर, आणि रविवारी गगनबावड्याला निघतं जाड बुटावर. बूट लिव्हरखाली जातच नाही. मग फोन येतो की गिअर अडकतोय. भावा, जे घालून चालवणार ते घालून ये की.

रॉडची लांबी जमली तरी अजून एक गोष्ट राहते. रॉड आणि गिअर शाफ्टवरचा छोटा आर्म यांच्यात साधारण काटकोन पाहिजे. तिरका लागला की पायाचा जोर वाया जातो, गिअर अर्धवट पडतो, तिसऱ्यातून चौथ्यात टाकताना मध्येच खोटा न्यूट्रल लागतो आणि ओव्हरटेक करताना हे झालं तर काय होतं ते मी लिहायला नको. आर्म काढून शाफ्टच्या दात्यांवर एक-दोन दाते पुढेमागे बसवायचा, मोठा फरक तिथून घ्यायचा आणि बारीक फरक रॉडवर. काहीजण तो आर्म उलटा बसवतात, मग सगळे गिअर उलटे होतात, रेसवाले मुद्दाम करतात तसे, पण ती गाडी शेजारच्याने दुकानापर्यंत नेली तर तो गिअर कमी करायच्या ऐवजी वाढवणार. जुनी बुलेट, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात, ज्यांनी चालवलीय त्यांना घाईच्या वेळी पाय कसा चुकतो ते माहितीये.

ब्रेकच्या पायडलचं म्हणाल तर पाय फूटरेस्टवर असताना पंजाच्या जरासं खाली. मागे डिस्क असेल तर मास्टर सिलिंडरमध्ये जाणाऱ्या छोट्या रॉडवरून उंची घ्यायची, आणि इथेही तोच नियम, रॉडला थोडा प्ले ठेवायचाच, नाहीतर मागचं चाक तापून जाम. ड्रम ब्रेक असेल तर मागच्या रॉडचा नट, पायडल साधारण २० ते ३० मिलिमीटर खाली गेल्यावर ब्रेक धरला पाहिजे. आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला. कॉम्बी म्हणजे मागचा पायडल दाबला की पुढचा ब्रेकसुद्धा थोडा लागतो. कॉम्बीवाल्या गाडीचा पायडल कापून-जोडून मागे नेला की पुढच्या ब्रेकची वायर कुठेतरी लोंबकळत राहते. अशा गाडीच्या पायडलला हातच लावू नये, माझं तरी स्पष्ट मत आहे.

आता ज्याच्यासाठी पेन उचललं ते. मागच्या ब्रेकचा लाइट लागतो तो कंपनीच्या पायडलला स्प्रिंगने जोडलेल्या एका छोट्या स्विचमुळे. रिअरसेट बसवला की जुना पायडल जातो, आणि नवीन किटमध्ये या स्विचला जागाच नसते किंवा असली तरी बसवणारा म्हणतो, राहू दे, पुढच्या ब्रेकला लागतोय की. आपल्याकडे बरीच लोकं आधी मागचाच ब्रेक दाबतात. म्हणजे हायवेवर हा गडी वेग कमी करतोय आणि मागच्या ट्रकवाल्याला काहीच दिसत नाही. उपाय महागडा नाही, ब्रेक ऑइलच्या पाइपच्या बोल्टच्या जागी बसणारा प्रेशर स्विच मिळतो, ऑइल दाबलं की लाइट लागतो. किंवा जुनाच स्विच पत्र्याच्या छोट्या ब्रॅकेटवर घ्यायचा, स्प्रिंग लावायची आणि स्विचची बॉडी धरून नट फिरवायचा, बॉडी फिरवायची नाही, वायरी पिळून तुटतात. पायडलचा प्ले संपून ब्रेक धरायच्या जरा आधी लाइट लागला पाहिजे. बघायला दुसरा माणूस पण लागत नाही, संध्याकाळी गाडी पाठ शटरकडे करून शटरजवळ लावा आणि आधी हात, मग पाय दाबा, शटर लाल होतं का बघा. दोन्हीला झालं पाहिजे.

मागे बसणाऱ्याचं पण बोलतो. रिअरसेटबरोबर मागचे फूटरेस्ट आणि साडीगार्ड काढून टाकायची फॅशन आहे, लूक बिघडतो म्हणे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागे माणूस बसणार असेल तर धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं गार्ड पाहिजे असं स्पष्ट आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, तोपर्यंत ती कुठे तपासायला जातच नाही, त्यामुळे हे सगळं कागदावर. आई त्याच गाडीवर मागे बसून बाजाराला जाते, पाय ठेवते स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) नाहीतर सायलेन्सरच्या पत्र्यावर, आणि पदर कुठे जातो ते देव जाणे.

बाकी फूटरेस्ट घेताना दोनच गोष्टी बघा, तो दुमडला पाहिजे आणि स्प्रिंगने परत आला पाहिजे. घाटात गाडी कलली की फूटरेस्ट रस्त्याला टेकतो, दुमडणारा असेल तर वर जातो, न दुमडणारा गाडीला उचलतो आणि मागच्या चाकाची पकड सुटते. बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि शे-दोनशे किलोमीटरला परत एकदा पाना फिरवा, ॲल्युमिनियममध्ये आटे जायला वेळ लागत नाही.

माझं मागणं आहे ते दुकानदारांकडे आणि माझ्या गॅरेजवाल्या भावांकडे. वस्तू विका, बसवा, पण गिऱ्हाईकाला गाडीवर बसवून सेटिंग केल्याशिवाय आणि दोन्ही ब्रेक लाइट दाखवल्याशिवाय पैसे घेऊ नका. पोलिसांनी सायलेन्सर बघायला गाडी थांबवलीच आहे तर पायाने एकदा ब्रेक दाबून मागे बघावं, अर्धा मिनिट लागत नाही.

पत्र लांबलंय, माहितीये. जागा नसेल तर बाकीचं कापा, ब्रेक लाइटचा भाग तेवढा छापा.

आपला नियमित वाचक,
एक गॅरेजवाला, कोल्हापूर