आई-बाबा, घर चढावर आहे

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, परवा बाबा "बरं, ठीक आहे" एवढंच बोलले आणि फोन तुझ्याकडे दिला. म्हणून सगळं नीट लिहून कळवतेय. भाडेकरारावर सही झाली. १ ऑगस्टपासून वर्षभराचा करार आहे. पीएच.डी. झाली की लगेच येते म्हटलं होतं, ते यंदा जमत नाही. इथल्याच विद्यापीठाच्या हॉस्पिटलात संशोधनाचं काम मिळालंय. शिकागोला पगार जास्त मिळाला असता, पण निम्मा भाड्यातच गेला असता. शिवाय आयोवा सिटी एवढंसं गाव, तोंडओळखीची माणसं आहेत, लॅबमधून रात्री उशिरा परतताना भीती वाटत नाही. सिटी बसला २०२३ पासून तिकीटच नाही. खरंच, विचार करूनच ठरवलंय.

बाबा, नदीचं नाव निघालं आणि तुम्ही गप्प झालात. सांगलीच्या २०१९ च्या पुरानंतर आपल्या घरात कुणीही होईल. इथली नदी विद्यापीठाच्या मधूनच वाहते. २००८ च्या जूनमध्ये वरचं कोरलव्हिलचं धरण भरून सांडव्यावरून पाणी आलं होतं, हेही खरं. काठावरचं हँचर नाट्यगृह पाडावं लागलं. नवं २०१६ ला उघडलं, तेही उंचावर बांधून. पार्कव्ह्यू टेरेस नावाच्या वस्तीतली कितीतरी घरं नगरपालिकेने विकत घेऊन पाडली; तिथे आता नुसतं गवत आहे. हे सगळं वाचून, पूररेषेचा नकाशा बघून मगच मी घर शोधलं. माझं घर नॉर्थसाइडला, नदीपासून चांगलं चढावर, आणि खोल्या वरच्या मजल्यावर.

डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याएवढं दिलंय. इथल्या कायद्याने दोन महिन्यांच्या वर घेता येत नाही, आणि घर सोडल्यावर तीस दिवसांत परत द्यावं लागतं, नाहीतर का कापलं ते लेखी कळवावं लागतं. करार मी शब्दन् शब्द वाचला, तुम्ही वाचता तसा. आणखी एक, तुम्हाला आवडेल असं: कवी दिलीप चित्रे १९७५ साली इथल्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला आले होते.

आई, घर जुनं, लाकडी आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे, सकाळी ओट्यावर ऊन येतं. शेगडी विजेची, तापायला वेळ लावते, पण भाकरी फुगते. तुझी चटणी बरणीत वर्षभर पुरेल. हिवाळ्यात हीटर चालू असतो, घरात स्वेटरही लागत नाही. मी नीट जेवते. खरंच.

२००५ च्या पुरात बाबांनी मला पाठुंगळीला घेऊन जिना चढवला, तेव्हा मी झोपेत होते असं तुम्ही सांगता ना? मी जागी होते. बाबांचा बनियन मुठीत धरला होता आणि खाली पाण्यात तुमच्या चपला दिसत होत्या. बाबा आहेत म्हटल्यावर मला भीती वाटली नाही. आता रोज सकाळी उठल्याउठल्या मी आधी आपल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघते, मग चहा ठेवते.

तेव्हा माझं ऐका. पातळी ४० फुटांवर गेली की विश्रामबागला मावशीकडे जायचं. धोक्याची ४५ ची वाट बघायची नाही, "अजून आपल्या गल्लीत आलं नाही" हे तर नाहीच. तिथे परकं वाटायचं कारण नाही, मावशी स्वतःच म्हणाली. पेटी आणि कागदपत्रं आत्ताच माळ्यावर टाका, पण बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या दादाला बोलवा. बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या पिशवीत तयार ठेवा. आई, तुझा गुडघा दाखवून ये. पुढच्या आठवड्यात नाही, याच.

डिसेंबरात महिनाभर येतेय. रजा मंजूर झाली की तिकीट काढते आणि त्याच दिवशी फोन करते. तोवर मावशीकडे एक खोली आवरून ठेवायला सांगितलंय मी.

तुमची,
छकुली