अररियाच्या ठाण्याचा फोन कुणी उचलायचा?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रेल्वेत मुलं सापडल्याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून येते. ‘बालकांची सुटका’ असा मथळा, खाली वर्दीतल्यांचा फोटो, मुलांचे चेहरे पुसलेले. मी भुसावळ विभागात ३१ वर्षं टीसी होतो, त्यातली बरीचशी खांडवा ते मनमाड या पट्ट्यात. त्यामुळे ही बातमी हातात आली की मुलं कुठल्या गावची आणि त्या गावाला कुणी कळवलं का, हे मी आधी शोधतो. बहुतेक वेळा सापडत नाही.

१९९७ च्या थंडीतली गोष्ट. रात्रीची गाडी, खांडवा सुटल्यावर स्लीपरमध्ये तिकिटं बघत होतो. संडासाजवळ चार पोरं एकाच चादरीत बसलेली, मोठं फार तर दहाचं. बरोबरच्या माणसाकडे सगळ्यांची तिकिटं होती, दादरपर्यंतची, एकदम चोख. ‘भांजे हैं साहब.’ मी सगळ्यात धाकट्याला मामाचं नाव विचारलं. तो माझ्याकडे नाही, त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला लागला.

पुढच्या मोठ्या स्टेशनात मी मेमो लिहून पाचही जणांना चौकीत नेलं. (स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तेव्हाचे जमादार आता हयात नाहीत.) त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘टीसीसाहेब, तुम्हाला हे दिसले ते बऱ्हाणपूरच्या आधी की नंतर?’ आधी असेल तर ते मध्य प्रदेशचं प्रकरण, मग इथं लिहायचं कसं? आमचा वाद चालू असतानाच सिग्नल पडला. मला गाडीबरोबर जाणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी परत येताना चौकशी केली, तर ‘मामा घेऊन गेला’ एवढंच उत्तर मिळालं. त्या काळी मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांत बिहारची किती पोरं राबत होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आता हद्दीची सबब चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत गुन्हा कुठेही घडला तरी त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ठाण्याने तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा. रेल्वे सुरक्षा दलाची (आरपीएफ) गाड्यांत-स्टेशनांत सापडलेल्या मुलांसाठीची ‘नन्हे फरिश्ते’ मोहीमही चांगली चालते, तिला मी नावं ठेवणार नाही. पण गुन्हा नोंदवता आला म्हणजे मुलाचं भलं झालंच असं नाही, आणि हे मला भुसावळातच दिसलं.

३० मे २०२३ ला दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला मिळून ५९ मुलं उतरवली. बिहारच्या अररिया जिल्ह्यातली, सांगलीकडे मदरशात शिकायला निघालेली. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचे गुन्हे लागले. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर ‘बरं झालं, सापडले’ म्हणणाऱ्यांत मीही होतो. मुलं जवळपास बारा दिवस बालगृहात राहिली, ते पाच जण चारेक आठवडे कोठडीत. २०२४ मध्ये पोलिसांनीच प्रकरण बंद केलं. तस्करी नव्हतीच, गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता. त्या दिवशी टपरीवर जे बोललो त्याची मला लाज वाटते.

एकदा चार पोरं सुटून गेली, एकदा ५९ पोरं विनाकारण अडकली. दोन्ही वेळा हवी होती ती एकच गोष्ट: मुलाच्या गावाकडून, त्याच रात्री, खात्रीची माहिती. ती आणायची कुणी? गाडीत आरपीएफ, ती केंद्राची. गुन्हा लिहिणारे लोहमार्ग पोलीस, ते राज्याचे. चोवीस तासांत मूल न्यायचं बालकल्याण समितीपुढे, तिचं खातं वेगळं. १०९८ या बालमदत क्रमांकाची माणसं आणखी वेगळी. आणि आईबाप हजाराहून जास्त किलोमीटरवर, तिसऱ्याच राज्याच्या पोलिसांच्या हद्दीत.

म्हणून भुसावळ जंक्शनवर रात्रंदिवस चालणारी एक खोली हवी, जिथे ही सगळी माणसं एका टेबलाशी बसतील. भिंतीवर अररिया, पूर्णिया, कटिहार, गया इथल्या मानवी तस्करीविरोधी कक्षांचे आणि ठाण्यांचे नंबर, आणि तिकडे रात्री दोन वाजताही फोन उचलणारा, नावाने नेमलेला अंमलदार. त्याने गावच्या चौकीदाराला उठवून मुलाची आईबापाशी मोबाईलवर, एकमेकांचे चेहरे दिसतील अशी, भेट घालून द्यावी. पोरगं आईला बघून काय करतं, ते कुठल्याही कागदापेक्षा लवकर कळतं. अर्थात आईबापांनीच उचल घेऊन धाडलेलं असलं तर एवढ्याने भागणार नाही. तिथे स्थानिक ठाण्यालाच घरी जाऊन बघावं लागेल, आणि इकडच्या पोलिसांनी तो अहवाल मागत राहावा लागेल.

आपल्यालाही एक विनंती. सुटकेची बातमी छापल्यावर सहा महिन्यांनी वार्ताहराला पुन्हा पाठवा. मूल घरी पोचलं का, परत कुठल्या गाडीत बसलं का, एवढं विचारून यायला सांगा.

अशी खोली झालीच तर आठवड्यातून दोन रात्री बसायची माझी तयारी आहे. त्या गाड्यांवर इतकी वर्षं गेल्याने तिकडची बोली बऱ्यापैकी कळते.

आपला,
एक निवृत्त तिकीट तपासनीस, भुसावळ